मारुती ८००चा स्टीअरिंग रॅक घरी बदलायचा आहे? आधी रॅकच गेलाय याची खात्री करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००४ची मारुती ८००, वडिलांच्या नावावरची, गावी कुडाळजवळ असते. स्टीअरिंगला प्ले (ढिलेपणा) आलाय, खड्ड्यातून जाताना पुढून खडखड येते, सरळ रस्त्यावरही गाडी सारखी सावरावी लागते. मेकॅनिकने पुढचं चाक धरून हलवलं आणि ‘रॅक गेला, बदलावा लागेल’ असं सांगितलं. गणपतीत चार दिवस गावी आहात. पाने-गोट्या आहेत, ब्रेक शू आणि क्लच केबल तुम्ही स्वतः बदललेली आहे. अंगणातच रॅक बदलता येईल का?

येईल. रॅक घरी बदलायला ८००इतकी सोपी गाडी दुसरी क्वचितच मिळेल. पॉवर स्टीअरिंग नाही, एअरबॅग नाही, तेलाचे पाइप नाहीत, सेन्सर नाहीत. इंजिनाच्या मागे फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) दोन ब्रॅकेटांनी धरलेला, स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा एक साधा दांडा आहे. पण रॅक निघेल कसा, हा नंतरचा प्रश्न झाला. त्याआधी रॅक खरोखर गेलाय का, हे बघायला हवं. ‘रॅक बदलून द्या’ म्हणून माझ्या गॅरेजात येणाऱ्या जुन्या मारुतींपैकी बऱ्याच गाड्यांचा रॅक ठीक असतो. गेलेला असतो टाय रॉड एंड (चाकाजवळचा जोड), नाहीतर रॅक एंड (रॅकच्या टोकाचा जोड), नाहीतर कॉलमखालचा, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याखालचा जोड, नाहीतर स्टॅबिलायझर बारचे बुश. चालवणाऱ्याच्या हाताला हे सगळं एकसारखंच लागतं. चाक धरून हलवलं की काहीतरी सैल आहे एवढं समजतं. काय सैल आहे, ते त्यावरून समजत नाही.

आधी प्ले किती आहे ते मोजा. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन बंद. स्टीअरिंगच्या कडेला टेपचा तुकडा लावा आणि दोन बोटांनी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. पुढची चाकं हलायला लागेपर्यंत टेप जेवढा सरकतो, तेवढा प्ले. मारुतीच्या पुस्तिकेत ही मर्यादा शून्य ते ३० मिलिमीटर दिलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९८ मध्येही मर्यादा आहे, पण ती ३० अंशांची आहे. ३७-३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जवळजवळ दहा सेंटिमीटर. हे दोन आकडे लोक एकमेकांत मिसळतात आणि ‘पासिंगला चालली, म्हणजे ठीक आहे’ असं धरून बसतात. पासिंगची मर्यादा ही गाडी रस्त्यावर आणूच नये अशी शेवटची रेघ आहे. तुम्ही चालवताना ३० मिलिमीटर धरा. त्याच नियमात आणखी दोन गोष्टी आहेत: स्टीअरिंगच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, आणि जोडाचे बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या हव्यात. तुमच्या कामाचा निम्मा भाग या दोन गोष्टींतच आहे, त्यामुळे त्या पुढे पुन्हा येतील.

आता तपासणी. माणसं दोन लागतात. एकाने आत बसून स्टीअरिंग त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या टप्प्यात सतत इकडून तिकडे हलवत राहायचं. जोर लावायचा नाही, फक्त टक-टक करत राहायचं. चाकं जमिनीवरच असू द्या. उचललेल्या चाकाला जमिनीचा विरोध नसतो, त्यामुळे सैल जोडही बरोबर फिरल्यासारखा दिसतो. दुसऱ्याने टॉर्च घेऊन वरून खालपर्यंत एकेक जोड बघायचा. डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. जोडाच्या दोन्ही बाजूंवर एकाच वेळी बोटं टेकवली, की अर्ध्या मिलिमीटरचा फरकही बोटांना कळतो.

सुरुवात आतून, पेडलच्या मागे खाली, जिथे कॉलमचा दांडा जोडाने पिनियनला (रॅकच्या दातांत फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाला) मिळतो तिथून. वरचा दांडा हलतो आणि खालचा क्षणभर थांबून मग हलतो, असं असेल तर दोष त्या जोडात आहे. कित्येकदा फक्त त्याचा बोल्ट ढिला झालेला असतो. मग बॉनेट उघडून रॅकच्या ब्रॅकेटकडे बघा. स्टीअरिंग हलवताना रॅकची अख्खी बॉडीच डावी-उजवीकडे सरकत असेल तर ब्रॅकेटातले रबर बुश मेलेत. त्यानंतर रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे घड्यांची आवरणं. बूट मुठीत दाबून आतला रॅक एंडचा गोळा चिमटीत धरा आणि साथीदाराला स्टीअरिंग हलवू द्या. आत टक्कन बसलेला धक्का बोटांना जाणवला तर रॅक एंड गेला. शेवटी चाकाजवळचा टाय रॉड एंड. तळहात त्यावर असा ठेवा की बोटं रॉडवर आणि अंगठा नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) हातावर येईल. हा जोड सगळ्यात लवकर जातो आणि सगळ्यात स्वस्तात बदलतो.

यानंतर चाक जॅकवर घ्या. घड्याळाच्या तीन आणि नऊवर धरून हलवा, मग बारा आणि सहावर. तीन-नऊला हलतं पण बारा-सहाला हलत नाही, तर दोष स्टीअरिंगच्या जोडांत. दोन्हीकडे हलत असेल तर साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग गेलंय. तरीही हलत राहिलं तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या हाताचा) बॉल जॉइंट किंवा शॉकअपची वरची माउंटिंग बघा. ८००मध्ये पुढचा स्टॅबिलायझर बार लोअर आर्मला पुढे-मागे धरूनही ठेवतो. त्याचे बुश झिजले की खडखडही येते आणि गाडी रस्त्यावर भटकतेही, म्हणजे तुम्ही लिहिलेली दोन्ही लक्षणं. मागे माझ्याकडे एक गाडी आली होती, तिचा रॅक दुसरीकडे नवा घातलेला होता आणि खडखड होती तशीच. बुश घातले, आवाज गेला. मालकाला त्या रॅकचे पैसे फुकट पडले.

एक तपासणी बहुतेक जण करतच नाहीत. आपल्या गाडीत पिनियन उजवीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला. डाव्या टोकाला दात नाहीत. तिथे रॅकचा दांडा एका बुशमधून सरकतो. डावीकडचा टाय रॉड बुटाजवळ मुठीत धरून वर-खाली हलवा. आतला दांडा खडखडला तर तो बुश झिजलाय. खड्ड्यातला आवाज बऱ्याचदा इथूनही येतो आणि त्याला नव्या रॅकची गरज नसते. रिपेअर किटमध्ये हा बुश मिळतो.

मग रॅक गेला असं कधी म्हणायचं? वरचे सगळे जोड ठीक आहेत, पिनियनचा दांडा फिरतोय, आणि त्या पहिल्या एक-दोन अंशांत रॅकचा दांडा जागचा हलत नाही. हे दिसलं तर दात गेले. किंवा बूट बाजूला सारल्यावर आतून चिखल, गंजाचं तांबडं पाणी निघालं तरी आशा सोडा. कोकणात हेच जास्त होतं. बुटाच्या घडीत बारीक चीर पडते, पावसाळाभर जांभ्याची तांबडी चिकट माती आत जाते, ग्रीसमध्ये मिसळते, आणि दातांवर प्रत्येक वळणाला पॉलिश पेपर फिरल्यासारखं काम करते. बूट वेळेत बदलला असता तर रॅक आणखी कितीतरी वर्षं टिकला असता.

दात झिजतात कसे, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यावरच एक चुकीचा उपाय गावोगाव केला जातो. जुना रॅक काढून पुसून उन्हात धरा. टोकांकडचे दात नव्यासारखे दिसतील, कडा शाबूत. मधले काही दात मात्र चकचकीत, त्यांच्या बगलेवर नखाला लागेल अशी पायरी पडलेली. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून मधलेच दात राबतात. रॅकच्या पाठीमागे एक प्लंजर असतो. तो स्प्रिंगच्या जोरावर दांड्याला पिनियनवर दाबून ठेवतो आणि बाहेरून स्क्रूने तो कमी-जास्त करता येतो. प्ले आला की हा स्क्रू आवळून देतात. मधल्या झिजलेल्या दातांत प्ले जातो, गिऱ्हाईक खूश होतं. पण टोकांकडचे दात झिजलेलेच नाहीत, तिथे तो आता गरजेपेक्षा घट्ट बसतो. पूर्ण वळण घेतलं की स्टीअरिंग जड होतं, अडखळतं, आणि हात सोडल्यावर आपोआप सरळ होत नाही. घाटात एका वळणावरून लगेच दुसऱ्या वळणावर जाताना अशी गाडी हाताशी झगडते. म्हणून स्क्रूला हात लावायचाच असेल तर अगदी थोडा फिरवा आणि लगेच दोन्ही टोकांपर्यंत स्टीअरिंग फिरवून बघा. कुठेही जड लागलं तर स्क्रू परत मागे घ्या आणि रॅक बदला.

इथपर्यंतचा हिशेब असा. टाय रॉड एंड, रॅक एंड, बूट, ब्रॅकेटचे रबर, कॉलमचा जोड यांपैकी काही गेलं असेल तर तेवढंच बदला. डाव्या टोकाचा बुश गेला आणि दात ठीक असतील तर किट. दात गेले किंवा दांड्यावर गंजाचे खड्डे पडले तर आख्खा रॅक. किटमध्ये दात येत नाहीत, त्यामुळे झिजलेल्या दातांवर किट घालणं हा पैशाचा आणि दिवसाचा अपव्यय आहे.

आता रॅक बदलायचाच ठरला, असं धरू. काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. पहिली गोष्ट फायरवॉलचा पत्रा. खाऱ्या हवेतल्या गाडीत ब्रॅकेटच्या आसपास पत्रा गंजून सडलेला असू शकतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून बघा. पत्रा भुसभुशीत लागला किंवा बोल्टच्या भोवती चीर दिसली तर हे काम अंगणातलं राहिलं नाही, आधी वेल्डिंग. दुसरी गोष्ट गाडीची. हे वाचून कोणी दुसऱ्या गाडीवर हात टाकणार असेल तर थांबा: हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगला पाइप सोडणं आणि नंतर हवा काढणं येतं, बऱ्याच गाड्यांत रॅक सबफ्रेमवर असतो आणि तो काढायला सबफ्रेम खाली घ्यावी लागते, आणि एअरबॅगच्या गाडीत रॅक सुटलेला असताना स्टीअरिंग मोकळं फिरलं तर त्यामागची क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची वायर नेणारी गुंडाळी) तुटते. त्या गाड्यांना वेगळं उत्तर लागेल. तिसरी गोष्ट तुमचे चार दिवस. गणपतीत हे काम काढू नका. पार्टची दुकानं बंद, अलाइनमेंटवाला गावी गेलेला, आणि घरात पाहुणे असताना गाडी उघडी पडलेली. एखादा बोल्ट तुटला तर तुम्ही अडकाल. तपासणी गणपतीत करा, पार्टची ऑर्डर द्या, काम दिवाळीत करा. तोवर पाऊसही ओसरलेला असेल. मात्र प्ले ३० मिलिमीटरच्या बराच वर असेल किंवा एखादा बॉल जॉइंट सुटायच्या बेतात असेल, तर गाडी दिवाळीपर्यंतही चालवू नका, उभी ठेवा.

पार्ट घेताना चासी नंबर घेऊन जा. ८०० डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनली, आणि १९८६ साली तिची बॉडी पूर्ण बदलली. ‘८००चा रॅक द्या’ एवढं सांगून भागत नाही. ओरिजिनल मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास स्टीअरिंगचंच काम करणाऱ्या कंपनीचा घ्या, उदाहरणार्थ राणे, किंवा मारुतीला स्टीअरिंगचे पार्ट पुरवणारी सोना कोयो, जिचं नाव २०१८ पासून जेटेक्ट इंडिया झालंय. भंगारातून काढलेला रॅक घेऊ नका. बाहेरून रंगवलेला असतो, आत त्याचेही मधले दात तेवढेच झिजलेले असतात. रॅकसोबत दोन्ही टाय रॉड एंड, दोन्ही बूट क्लिपांसह, ब्रॅकेटचे रबर आणि नव्या स्प्लिट पिना (नट फिरू नये म्हणून घालायच्या दुमडत्या पिना) घ्या. हे सगळं पुन्हा उघडायची वेळ येऊ नये.

जागा सपाट आणि कडक हवी. मातीच्या किंवा शेणाने सारवलेल्या अंगणात जॅक रुततो, घोडी (जॅक स्टँड) तिरकी होते. जाड फळ्या किंवा लादी खाली घाला, नाहीतर गाडी सिमेंटच्या जागेवर न्या. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक ओढलेला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेर ढिले करा. मग गाडी उचला आणि बॉडीच्या ठरलेल्या जागांखाली दोन घोड्या लावा. घोडी लावल्यावर गाडीला बाजूने ढकलून बघा, आणि मगच खाली शिरा. नुसत्या जॅकवर डोकं खाली घालायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. घोड्या नसतील तर आधी त्या आणा.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा. पाना लावायच्या आधी खुणा करायच्या, आणि इथे घाई करू नका, कारण रॅक बदलण्यात खरं कौशल्य मध्य सांभाळण्याचं आहे. स्टीअरिंग सरळ करून सीट बेल्टने किंवा दोरीने बांधा. चावी काढून लागणारं लॉक स्टीअरिंग सरळ असताना लागेलच असं नाही, म्हणून दोरीच बरी. कॉलमचा जोड आणि पिनियनचा दांडा यांवर आरपार एक रंगाची रेघ ओढा. दोन्ही टाय रॉडवर चेक नट (एंडला जागेवर लॉक करणारा नट) कुठे आहे ते मोजा: बाहेर दिसणारे आटे मोजून कागदावर लिहा, डावे वेगळे, उजवे वेगळे. फोटोही काढा, पण फोटोत आटे मोजता येत नाहीत.

चेक नट आधी सोडा, टाय रॉड एंड अजून नकलमध्ये बसलेला असतानाच. एंड एकदा नकलमधून सुटला की रॉड हातात फिरतो आणि जाम चेक नट सुटत नाही. मग स्प्लिट पिन सरळ करून ओढा, कॅसल नट (पिनेसाठी खाचा असलेला नट) ढिला करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या म्हणजे जोड सुटताना रॉड अंगावर येणार नाही. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर नकलच्या ज्या डोळ्यात स्टड (एंडचा निमुळता खुंटा) बसतो, त्या डोळ्याच्या बाहेरच्या बगलेवर हातोड्याने ठोका आणि पलीकडून दुसरा जड हातोडा टेकवून धरा. दोन-चार ठोक्यांत हा निमुळता खुंटा सुटतो. स्टडच्या आट्यांवर खालून ठोकू नका. आटे पसरतात आणि नट निघतच नाही.

कॉलमच्या जोडाशी नवखा माणूस हमखास अडतो. बोल्ट ढिला करतो आणि जोड ओढत बसतो, तो निघत नाही, मग हातोडा घेतो. कारण साधं आहे: तो बोल्ट पिनियनच्या दांड्यावर कोरलेल्या खाचेतून जातो. ढिला करून उपयोग नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. तो काढून जोडाच्या चिरेत स्क्रू-ड्रायव्हर हलकेच घालून किंचित फाकवला की जोड वर सरकतो. ही खाच लक्षात ठेवा, बसवताना तीच तुमचा जीव सांभाळणार आहे.

ब्रॅकेटचे बोल्ट काढा. अडले तर जोर लावायच्या आधी एक पाव फेर घट्ट, मग सैल, असं करत काढा. तुटलेला बोल्ट काढण्यापेक्षा दहा मिनिटं जास्त गेलेली परवडतात. रॅक मोकळा झाला की तो एका बाजूच्या चाकाच्या कप्प्यातून, वळवत वळवत बाहेर येतो. गिअरचा रॉड, सायलेन्सरचा पाइप किंवा एखादी केबल आड येत असेल तर ती सोडा. ब्रेकच्या पाइपला रॅक टेकवून ओढू नका.

आता जुना आणि नवा रॅक शेजारी ठेवा आणि ताडून बघा: एकूण लांबी, ब्रॅकेटच्या जागा, पिनियनचा कोन आणि स्प्लाइन (दांड्यावरचे उभे दाते), टाय रॉडचे आटे. मग दोन्हींचे पिनियन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवून फेरे मोजा. फेरे सारखे हवेत. सारखे नसतील तर तो तुमच्या गाडीचा रॅक नाही, परत करा. पिनियन पकडीने फिरवू नका, स्प्लाइन खराब होतील. जुना जोड त्यावर चढवून फिरवा. नव्या रॅकचे रॅक एंड पूर्ण आवळलेले आहेत का आणि त्यांचे लॉक वॉशर सपाट बाजूंवर दुमडलेले आहेत का, हे बूट मागे सारून स्वतः बघा. नवा डबा उघडला म्हणजे आत सगळं ठीक असेलच असं धरू नका.

फेरे मोजलेत, त्यांचा निम्मा म्हणजे मध्य. एका टोकापासून तेवढे फेरे मागे या आणि पिनियनवर खूण करा. या जागी दोन्ही बाजूंनी दांडा सारखाच बाहेर आलेला दिसायला हवा. रॅक मध्यावर, स्टीअरिंग सरळ बांधलेलं, आणि मग जोड बसवायचा. एक दात जरी इकडे-तिकडे झाला तर स्टीअरिंग वाकडं दिसेल. पुष्कळ जण तेव्हा म्हणतात, अलाइनमेंटवाला सरळ करून देईल. तो देईल, पण टाय रॉड एका बाजूने लांब आणि दुसऱ्या बाजूने आखूड करून. स्टीअरिंग सरळ दिसेल आणि आत रॅक मध्यावरून हललेला राहील. गाडी एकीकडे जास्त वळेल, दुसरीकडे कमी. हे दिसलं तर जोड पुन्हा काढा, दात बरोबर बसवा.

बसवताना आधी ब्रॅकेटचे सगळे बोल्ट हाताने चढवा, रॅक जागेवर नीट बसला की आळीपाळीने आवळा. कॉलमच्या जोडाचा बोल्ट खाचेतून आरपार गेला पाहिजे. आवळल्यावर जोड दोन्ही हातांनी जोरात वर ओढून बघा. बोल्ट खाचेच्या बाहेर बसला असेल तर जोड आज धरेल आणि एखाद्या दिवशी चालत्या गाडीत निसटेल. टाय रॉड एंड मोजलेल्या आट्यांइतके चढवा. कॅसल नट ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा, आणि पिनेचं भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळून जुळवा. भोक जुळवायला नट कधीही सैल करायचा नाही. पिन नवी घाला. टॉर्कचे आकडे तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पाना मिळत नसेल तर एका दिवसासाठी कुणाकडून मागून आणा. बूट पिळलेला राहू देऊ नका. पिळला की पहिल्याच पावसात घडीत फाटतो. चेक नट आत्ता फक्त हलका लावा, अलाइनमेंटला तो पुन्हा सोडायचाच आहे, पण रस्त्यावर जाण्याआधी घट्ट करायचा विसरू नका.

गाडी घोड्यांवर असतानाच स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. हाताला कुठेही गाठ लागता कामा नये. दुसऱ्याने खालून बघावं: ब्रेकचा होज ताणला जातोय का, बूट कुठे घासतोय का, टायर कुठे टेकतोय का. मग गाडी खाली घ्या, चाकाचे नट पूर्ण आवळा आणि पुढच्या दोन टायरमधलं अंतर टेपने मोजा, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढच्या बाजूने आणि मागच्या बाजूने. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सावकाश जाता येईल. जास्त फरक असेल तर दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवून जुळवा. अलाइनमेंट त्याच दिवशी करा, आणि करणाऱ्याला सांगा की रॅक मध्यावर आहे, दोन्ही बाजू समान फिरवूनच टो (चाकांचा आत-बाहेरचा कल) धर.

पहिली फेरी घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर, सायकलच्या वेगाने. वळून हाताची पकड सैल केली की स्टीअरिंग स्वतःहून सरळ यायला हवं. येत नसेल तर प्लंजर जास्त घट्ट आहे किंवा कॉलमचा जोड ताणात बसलाय. ते सोडवल्याशिवाय महामार्गावर जाऊ नका. शंभरेक किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा उचला: ब्रॅकेटचे बोल्ट, कॉलमच्या जोडाचा बोल्ट, दोन्ही चेक नट आणि स्प्लिट पिना हाताने तपासा. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही बूट घडी उघडून बघा, आणि चीर दिसली तर त्याच आठवड्यात बदला.